कातड्याची मूठ आणि कातड्याचे म्यान

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात वॉलून नावाचे एक सरोवर आहे. १९३० नंतरच्या दशकात तेथे उन्हाळी मुक्कामास आलेल्या वॉल्टर डोन रँडल या फ्लॉरिडाच्या तरुण बागाईतदाराने एका माणसाला होडीच्या अंगावरचा जुना रंग शिकारीच्या सुरीने खरवडताना पाहिले. रंग खरवडणे हे सुरीचे काम नव्हे. अशा गैरवापराने उत्तम धारदेखील घटकाभरात बोथट व्हावी, हा सर्वसाधारण अनुभव. ही सुरी मात्र ते काम बिनतक्रार करीत होती आणि तिची धार कायम होती. चौकशी करता ती त्याच राज्यातील विल्यम स्केगल नावाच्या एकांतप्रिय कारागिराने हाताने घडविलेली असल्याचे समजले. रँडलने घरी परतल्यावर स्वतःची भट्टी मांडली, १९३८ साली सुऱ्यांचा रीतसर धंदा सुरू केला, आणि ओरलँडो येथील त्याचा तो छोटेखानी कारखाना पुढे त्याच्या मुलानातवांनी चालू ठेवला.

ही कथा सांगणारे बहुधा पोलादाची वाखाणणी करून थांबतात. वस्तुतः स्केगलच्या सुरीपासून रँडलने जे उचलले त्यात पोलादाइतकाच वाटा मुठीचा होता. स्केगल आपल्या सुऱ्यांना कातड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ बसवी. मधूनमधून पितळेच्या आणि रंगीत फायबरच्या पातळ चकत्या घालून तो त्या तपकिरी रंगात रेषा काढी, आणि शेवटाला पुष्कळदा हरणाच्या शिंगाचा तुकडा जोडी. पाते कापते, हे खरे. परंतु दिवसभर सुरी हातात वागविणाऱ्याचा संबंध येतो तो मुठीशी, आणि ती सुरी बारा महिने अंगाखांद्यावर सांभाळली जाते ती म्यानामुळे. या दोन्ही ठिकाणी एकच पदार्थ, कमावलेले कातडे, वापरण्याची जी पद्धत गेल्या शतकात अमेरिकेत रूढ झाली, तिचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

स्केगल हा या मुठीचा आद्य जनक नव्हे. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, मिशिगनमधल्याच ग्लॅडस्टोन गावच्या वेब्स्टर मार्बल या उद्योजकाने शिकाऱ्यांसाठी काढलेल्या सुऱ्यांना अशीच मूठ होती आणि त्या देशभर खपत होत्या. युरोपच्या उत्तरेकडे, फिनलंडमध्ये, भूर्जाच्या सालीचे चौकोनी तुकडे ओवून केलेल्या मुठी त्याहूनही जुन्या. तेव्हा पातळ थर दाबून त्यांचा एकजीव ठोकळा करावा ही कल्पना काही एका डोक्यातून निघालेली नाही. ज्या प्रदेशात जे स्वस्त आणि मुबलक, ते तेथल्या कारागिराने ओवले, इतकेच. मिशिगनात कातडे मुबलक होते, कारण तेथल्या अरण्यांतील हेमलॉक वृक्षाची साल कातडी कमावण्याच्या कामी येई आणि त्या सालीवर चालणारे कारखाने त्या मुलखात जागोजाग होते.

आपल्याकडच्या शस्त्रांची रीत अगदी निराळी. मराठेशाहीतील तलवार पाहिली, तर तिची मूठ सबंध धातूची, आतून पोकळ; पात्याचे मागचे शेपूट त्या पोकळीत घालून भोवती लाखेचा वा राळेचा तापलेला मसाला भरीत, आणि तो थिजला की पाते आणि मूठ जखडून जात. मूठ सैल झाली की ती तापवावी, मसाला मऊ करावा, पुन्हा बसवावी. शिकलगारास हे काम घडीभराचे. धातूची मूठ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, परंतु ती थंडीत गारठते, उन्हात तापते आणि घाम सुटला की निसटते. कातड्याचा मुख्य गुण नेमका येथे दिसून येतो. ते उष्णतेचे मंदवाहक आहे, घामाचा ओलावा किंचित शोषून घेऊन हाताला धरून राहते, आणि आघाताचा हादरा आपल्यात जिरवते. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील एस्टविंग कंपनीच्या काही सबंध पोलादी हातोड्यांना आणि कुऱ्हाडींनाही म्हणूनच कातड्याच्या चकत्यांची मूठ असते. ठोकणाऱ्याच्या मनगटापर्यंत पोहोचणारा धक्का ती कमी करते.

मात्र हे सर्व गुण कोणत्याही कातड्यात नसतात. पर्स आणि कोट यांसाठी वापरतात ते मऊ, लवचीक कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली आणि कामाच्या वेगामुळे तिने जगाचा बाजार काबीज केला. असे कातडे दाबले तर पुन्हा फुगते आणि काचकागदाने घासू गेल्यास त्याचे तंतू पिंजून निघतात. म्यानाला वापरले तर दिलेला आकार ते धरून ठेवीत नाही. मुठीला आणि म्यानाला लागते ते वनस्पतिजन्य कषायद्रव्यांत, म्हणजे टॅनिनमध्ये, सावकाश मुरवलेले कातडे. टॅनिन कातड्यातील कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंना जखडते, त्यांचे कुजणे थांबवते, आणि त्या कातड्यास एक प्रकारची भरीव घनता देते. अमेरिकेत ते ओकच्या आणि हेमलॉकच्या सालीतून मिळे. सेंट लुई येथील १८८१ पासून चालत आलेल्या हर्मन ओक या कारखान्याचे कातडे म्यान करणारे आजही नाव घेऊन मागतात. आपल्याकडे तेच काम बाभळीच्या सालीने, तरवडाने आणि सह्याद्रीच्या डोंगरांतून गोळा होणाऱ्या हिरड्याने केले. कोल्हापुरी वहाणेसाठी कातडे कमावण्याच्या जुन्या पद्धतीत सबंध कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभूळ-हिरड्याचे पाणी भरीत आणि ती पिशवी टांगून ठेवीत. पाणी कातड्यातून पाझरत राही आणि पाझरता पाझरता त्याला पक्के करी. कोल्हापुरी वहाण ओली झाली तरी तळव्याचा ठसा का धरून ठेवते, याचे उत्तर या कमावण्यात आहे, आणि म्यानाला पात्याचा आकार देता येतो तोही याच गुणाच्या बळावर.

पात्याविषयी येथे थोडक्यातच सांगणे इष्ट, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सुमारे ०.९५ टक्के कार्बन असलेले पोलाद ठोकून किंवा पट्टीतून कापून त्याला आकार द्यावयाचा, कानशीने उतार काढावयाचा, मग ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवावयाचे, म्हणजेच त्याला पाणी द्यावयाचे. भट्टीत तापमापक नसलेला लोहार जवळ लोहचुंबक ठेवतो. ७७० अंशांच्या सुमारास पोलादाचे चुंबकत्व नाहीसे होते आणि त्याहून थोडे वर गेले की बुडविण्याची वेळ झाली असे तो समजतो. या अवस्थेत पाते काचेसारखे कठीण परंतु ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तासदोन तास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवितात. पृष्ठभाग गव्हाच्या काडासारखा पिवळसर दिसू लागला की पुरे. निळा होऊ दिला तर धार गेली.

मुठीच्या दृष्टीने यातील एकच बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पात्याचे जे अरुंद शेपूट मुठीत शिरते, ते पात्याला जेथे मिळते तेथील कोपरे काटकोनी ठेवता कामा नयेत, गोलसर ठेवले पाहिजेत. कारण पोलादावर पडणारा सारा ताण तीक्ष्ण कोपऱ्यात एकवटतो आणि तडा तेथूनच जातो. मुठीआड दडलेला हा दोष गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, आणि सुरी मोडते तेव्हा बहुधा तेथेच मोडते. हाताची बोटे धारेकडे सरकू नयेत म्हणून पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर पितळेची एक आडवी पट्टी बसवितात. ती डाखाने जोडावयाची तर आधीच पाणी दिलेल्या पात्यास पुन्हा उष्णता लागणार. म्हणून चांगले कारागीर २२० अंशांच्या आसपास वितळणारा कथील-चांदीचा डाख वापरतात आणि पाते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. हे काम कातडे चढविण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण इतकी उष्णता कातड्यास सोसत नाही.

आता मूठ. तीनचार मिलिमीटर जाडीच्या कातड्याचे, अंतिम मुठीपेक्षा जरा मोठे असे लंबगोल तुकडे कापतात. दहा सेंटिमीटर लांबीच्या मुठीला असे तीसपस्तीस तुकडे सहज लागतात, आणि येथे कातड्याच्या मुठीचे अर्थशास्त्र उघड होते: जोड्यांच्या तळव्यांतून वा पट्ट्यांतून उरलेली कत्तर, जी एरवी टाकून द्यावयाची, तीच या कामी येते. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी शेपटाच्या मापाची खाच पाडावयाची. शेपूट टोकाकडे निमुळते असते, म्हणून खाचही क्रमाने लहान करीत न्यावी लागते. खाच मोठी झाली तर आत पोकळी राहते आणि त्या पोकळीत पुढे पाणी शिरते. लहान झाली तर कातडे चढता चढता फाटते. नवशिका येथे घाई करतो. जाणता मनुष्य प्रत्येक चकती शेपटावर चढवून, उतरवून, पुन्हा किंचित कोरून पाहतो, आणि या कंटाळवाण्या कामातच मुठीचे आयुष्य मुक्रर होते असे म्हणण्यास हरकत नाही.

कातड्याची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी खरबरीत. गुळगुळीत बाजूस सरस वा एपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून ती काचकागदाने खरवडून घ्यावी लागते. मग चुलीपाशी भाकऱ्यांची चवड रचावी तशा त्या चकत्या एकामागून एक, मध्ये बेताचा एपॉक्सी लावून, शेपटावर बसवितात. हौसेप्रमाणे मधूनच पितळेची, अ‍ॅल्युमिनियमची, लाल किंवा काळ्या फायबरची चकती. शेवटी मुठीच्या टोकाची धातूची टोपी. शेपटाच्या टोकाला आटे पाडलेले असतील तर त्यावर नट चढवून तो आवळतात. नसतील तर चवड शिकंज्यात धरून दाबतात आणि टोपीतून बाहेर आलेले शेपटाचे टोक हातोडीने ठोकून पसरवितात. दाबाखाली चवड चांगलीच आखडते, आणि आखडली की शेवटी एखाददोन चकत्या आणखी घालण्यास जागा निघते. त्या घालाव्या, पुन्हा आवळावे. येथे हात आखडता घेणाऱ्याची मूठ वर्षभरातच सैल होते.

रात्रभर ठेवल्यावर जे हाती येते ते दिसण्यात अगदी ओबडधोबड असते: कडा वरखाली झालेला, एपॉक्सीचे ओघळ आलेला एक ठोकळा. परंतु त्यावर कानस चालविली की प्रथमच हात लावणाऱ्यास नवल वाटते, कारण कातड्याचा लवचीकपणा पार नाहीसा झालेला असतो आणि तो ठोकळा एखाद्या कठीण लाकडाप्रमाणे कानशीखाली बारीक भुशाच्या रूपाने झडू लागतो. आधी जाड कानस, मग बारीक, मग काचकागद उत्तरोत्तर नाजूक. तळहातात भरणारा मधला फुगवटा, तर्जनीसाठी जराशी खोलगट जागा. काचकागद फार जोराने चालविला तर घर्षणाच्या उष्णतेने कातडे जागोजाग काळवंडते, आणि तो डाग वरून काढता येत नाही. त्या थराखाली उतरावे लागते. अखेरीस मेण चोळून फडक्याने घासले की चकत्यांच्या कडा एकमेकींत मिसळून गेल्यासारख्या दिसतात आणि उरतात फक्त धातूच्या बारीक रेषा. अशी मूठ रंगविण्याच्या मी विरुद्ध आहे. वापराने, हाताच्या तेलाने तिला जो गडद रंग चढतो तो कोणत्याही रंगपेटीत मिळत नाही, आणि रंगविलेली मूठ घामाबरोबर रंग सोडते तो त्रास वेगळाच.

कारागिरांच्या खटपटीतून निपजलेली ही रीत लाखो सैनिकांच्या हाती गेली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ च्या नोव्हेंबरात आपल्या शिपायांसाठी जी सुरी मंजूर केली, तिला सात इंचांचे पाते आणि कातड्याच्या चकत्यांची, गोल खाचा पाडलेली मूठ होती. न्यूयॉर्क राज्यातील ओलियन येथील युनियन कटलरी कंपनीचा छाप असलेल्या सुऱ्यांमुळे ती ‘का-बार’ या नावाने प्रसिद्ध झाली, जरी ती बनविणाऱ्या कंपन्या अनेक होत्या; त्या नावाची कीर्ती एवढी पसरली की कंपनीने पुढे १९५२ मध्ये स्वतःचेच नाव बदलून का-बार असे ठेवले. कारखान्यात साच्याने चकत्या कापल्या जात आणि यंत्राने दाबल्या जात, तरी रचनेचे तत्त्व स्केगलच्याच मुठीचे. रँडलकडेही त्या काळी सैनिकांच्या इतक्या मागण्या येऊ लागल्या की त्याला मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे काही पाती बाहेरून करवून घेण्याची तजवीज करावी लागली.

पॅसिफिकच्या दमट बेटांवर कातड्याचा दुर्गुणही उघडकीस आला. सतत ओलाव्यात ते बुरसते, फुगते. मग कोरड्या हवेत आले की आखडते आणि चकत्या मुठीत खुळखुळू लागतात. १९४४ च्या एम-४ संगिनीला कातड्याची मूठ होती. १९५३ च्या एम-५ संगिनीला प्लास्टिकची आली. तथापि अमेरिकन वैमानिकांना आणीबाणीसाठी मिळणाऱ्या सुरीने मात्र कातड्याची मूठ सोडली नाही, ती पुढेही दीर्घकाळ चालली. लष्करी खरेदीचे निर्णय नेहमीच एका सूत्रात बसतात असे नाही, याचा हा एक दाखला समजावा.

म्यानाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. म्यान म्हणजे सुरीचे वेष्टन, असे नवशिक्यांना वाटते आणि मुठीवर महिना खर्च केल्यावर म्यान ते एका संध्याकाळी उरकून टाकतात. वास्तविक सुरीपासून होणारे अपघात ती म्यानात घालताना किंवा काढताना जितके होतात तितके कापताना होत नसावेत. पाते तिरपे शिरले तर त्याची धार थेट शिवणीवर जाते, आणि शिवण कापली गेली की ते बाहेर येते ते म्यान धरणाऱ्या बोटांवर. म्हणून दोन बाजूंच्या कातड्यांमध्ये, शिवणीच्या आत, कातड्याचीच एक तिसरी पट्टी घालतात. धार टेकते ती या पट्टीवर. दोऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही. पात्याच्या जाडीइतकी, किंवा तिच्याहून रेसभर अधिक जाड अशी ही पट्टी नसेल तर बाकीची कारागिरी कितीही देखणी असो, ते म्यान घेऊ नये.

शिवण्याची रीत खोगीर शिवणाऱ्यांची. एका लांब, मेण चोळलेल्या तागाच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन बोथट सुया. आरीने आधी पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात आणि दोरा दोन्ही बाजूंनी आवळला जातो. इंचाला सहासात टाके पडतात. शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकविलेले असतात, म्हणून त्यांपैकी एक झिजून तुटला की शिवण उसवत जाते; दोन सुयांच्या टाक्यात प्रत्येक छिद्रात दोरा दोनदा गेलेला असतो आणि एक बाजू तुटली तरी दुसरी धरून राहते. आपल्याकडचा चांभार आकडीच्या आरीने खालून दोऱ्याचा फास वर ओढून त्यातून दुसरे टोक काढतो. त्याचा वेग पाहण्यासारखा असतो, परंतु धारदार पात्याच्या म्यानाला मी सुयांचीच शिवण पसंत करीन. ज्यांच्या नावातच खोगीर आहे त्या आपल्या जिनगरांचा खोगिरांखेरीज शस्त्रांच्या म्यानांशीही संबंध असे. दोन्ही कामांत ताण आणि ओलावा सोसणारी शिवण लागते हे पाहिले, म्हणजे ही सांगड साहजिक वाटते.

शिवून झालेले म्यान कोमट पाण्यात भिजवितात, पात्यास तेल लावून त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळून ते आत बसवितात, आणि ओल्या कातड्यावर हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने, बोटांनी, दाब देत देत आतल्या सुरीचा आकार वर उमटवितात. मुठीची पितळी पट्टी, पात्याचा खांदा, मुठीचा फुगवटा हे सारे कातड्यावर उठून दिसू लागते आणि वाळल्यावर तसेच राहते. वाळविणे सावलीत, वाऱ्यावर. शेगडीजवळ ठेवले तर कातडे आखडून कडक आणि ठिसूळ होते. कडा मेणाने आणि लाकडी घोटणीने घोटून काचेसारख्या चकचकीत केल्या की काम संपले. रँडलच्या सुऱ्यांची म्याने प्रारंभीच्या काळात डेन्व्हरच्या हायझर या खोगीर करणाऱ्या पेढीकडून येत, आणि त्यांतील अनेकांना पुढच्या बाजूस धार लावण्याच्या दगडासाठी एक छोटा कप्पा शिवलेला असे.

असे म्यान कंबरेला उत्तम, परंतु सुरी त्यात महिनोन्‌महिने ठेवून देणे योग्य नाही. वनस्पतिजन्य कषायाने कमावलेले कातडे किंचित आम्लधर्मी असते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. कोकणात वा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने त्यात राहिलेल्या कार्बनी पोलादाच्या पात्यावर तांबेरा चढला नाही तरच आश्चर्य. पितळी रिवेटांभोवती आणि मुठीतील पितळी चकत्यांच्या कडेला हिरवट मेणचट थर साचतो, तो कातड्यातील स्निग्धांश आणि पितळेतील तांबे यांच्या संयोगाचा. लाकडी काडीने खरवडून फडक्याने पुसून काढावा. मूठ फार कोरडी वाटली तर मेणाचा हलका हात द्यावा. तेल मुरवू नये, कारण तेलाने चकत्या नरम पडतात आणि इतक्या खटपटीने मिळविलेला दाब सैल होतो.

१९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात व्यापारी जहाजावर नोकरी करणारा रॉबर्ट लव्हलेस नावाचा एक तरुण न्यूयॉर्कच्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात रँडलची सुरी घेण्यास गेला, तेव्हा त्याला नऊ महिने थांबावे लागेल असे सांगण्यात आले. थांबण्याऐवजी त्याने एका जुन्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगचे पोलाद घेऊन आपली सुरी आपणच घडविली, आणि १९७० मध्ये सुरी-कारागिरांचा जो संघ स्थापन झाला त्याच्या प्रमुख प्रवर्तकांत तो होता. ज्या नमुन्यांनी लव्हलेसचे नाव झाले त्यांत पात्याचे पोलाद सबंध मुठीच्या आकाराचे असते आणि त्याला दोन बाजूंनी मायकार्टा या कृत्रिम पदार्थाचे फाळके ठोकलेले असतात. असंख्य हौशी कारागिरांनी त्याचेच अनुकरण केल्यामुळे कातड्याच्या चकत्या हाताच्या कामातून पुष्कळशा मागे पडल्या. म्यान मात्र त्याने कातड्याचेच ठेवले, आणि त्यातही भर घातली: मुठीचा बराचसा भाग आत शिरेल इतके ते खोल करून, ओल्या कातड्यावर आकार दाबून, वरचा अडकविण्याचा पट्टा त्याने काढूनच टाकला.